पुढच्या उड्डाणाआधी

२८ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार. एअरबसने त्या दिवशी जगभरच्या विमान कंपन्यांना कळवलं की ए-३२० कुटुंबातल्या सुमारे ६,००० विमानांमध्ये एका संगणकात खोट असू शकते. या संगणकाला हँगरमध्ये ‘एलॅक’ म्हणतात. विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या आणि पंख कलवणाऱ्या झडपांना तो हुकूम देतो. महिनाभरापूर्वी, ३० ऑक्टोबरला, मेक्सिकोतल्या कानकूनहून न्यूअर्कला निघालेल्या जेटब्लूच्या विमानाने वैमानिकाने काहीही केलेलं नसताना नाक खाली घातलं. प्रवासी जखमी झाले, विमान वाटेत टॅम्पाला उतरवावं लागलं. तीव्र सौर किरणोत्सारामुळे या संगणकातली माहिती बिघडू शकते, असा एअरबसचा निष्कर्ष होता. पाठोपाठ युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने, म्हणजे ईआसाने, तातडीचा आदेश काढला. आदेशाचा गाभा एका ओळीचा होता: सदोष एलॅक बदला किंवा दुरुस्त करा, आणि तेही पुढच्या उड्डाणाआधी. रिकामं विमान दुरुस्तीच्या जागी नेण्यापुरती सवलत, बाकी काही नाही.

भारतात इंडिगो, एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्सप्रेस मिळून तीनशेहून अधिक विमानं या आदेशात सापडली. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, डीजीसीएने, तोच आदेश इथे लागू केला. शनिवार-रविवारच्या रात्री इंजिनिअर लॅपटॉप आणि केबल घेऊन एकेका कॉकपिटमध्ये चढले. बहुतेक विमानांत आधीचं सॉफ्टवेअर परत भरायचं होतं, दोन-तीन तासांचं काम. मुंबईच्या प्रवाशांना उशीर झाला, चडफडाट झाला, सोमवारी सगळं विसरलं गेलं. हा नियमाचा विजय होता आणि त्याचं कौतुक कुणी केलं नाही. ते ठीकच, सुरक्षेचं काम नीट झालं की बातमी होत नाही.

पण सगळे आदेश असे नसतात. सदोष भागाबद्दलच्या सरकारी आदेशाला या धंद्यात ‘एडी’ म्हणतात, एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह. एखाद्या एडीत ‘पुढच्या उड्डाणाआधी’ असं असतं, एखादीत ‘३० दिवसांत’, एखादीत ‘२४ महिन्यांत’. खोट काय, कुठल्या क्रमांकाचा भाग काढायचा, कुठल्या क्रमांकाचा बसवायचा, बोल्ट किती आवळायचा, हे सगळं इंजिनिअरिंग आहे आणि त्यात सहसा चूक होत नाही. मुदतीची ओळ मात्र इंजिनिअरिंगची नाही. सदोष आहे हे माहीत असलेला भाग प्रवाशांना घेऊन आणखी किती दिवस उडू द्यायचा, याचा तो निवाडा असतो. गेल्या पन्नासेक वर्षांतले काही मोठे अपघात मी त्या ओळीच्या अंगाने वाचले आणि माझं मत असं झालं की विमानाच्या सुट्या भागांचे नियम फसतात ते बहुतेक वेळा तिथेच.

आधी व्यवस्था थोडक्यात. १९४४च्या शिकागो करारानुसार विमानाचं आरेखन ज्या देशात झालं त्या देशाने खोट सापडली की सर्वांना कळवायचं, आणि विमान ज्या देशात नोंदलेलं आहे त्या देशाने ते आपल्या कंपन्यांकडून करून घ्यायचं. म्हणून बोइंगबद्दल अमेरिकेची एफएए बोलते, एअरबसबद्दल ईआसा, आणि आपली डीजीसीए ते आदेश भारतीय नोंदणीच्या विमानांवर बंधनकारक करते. निर्माता कंपनी स्वतः जे पत्रक काढते ते ‘सर्व्हिस बुलेटिन’. तो सल्ला. एडी निघाली की तो कायदा होतो. एडी पूर्ण न करता विमान उडवणं म्हणजे उड्डाणयोग्यतेच्या दाखल्याविना उडवल्यासारखंच. नागपूरच्या मिहानमधल्या हँगरात किंवा मुंबईत कालिन्याला विमान मोठ्या तपासणीसाठी आलं की कामाच्या यादीत एडींची कामं वेगळी काढलेली असतात. भाड्याने घेतलेलं विमान परत करताना मालक रंगरंगोटीच्या आधी एडींची फाइल मागतो, आणि तीही टंकलिखित गोषवारा नव्हे, ज्याने पाना फिरवला त्याच्या सहीचा मूळ कागद.

अमेरिकेत तातडी नसेल तर आधी मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती मागवल्या जातात, मग अंतिम नियम. प्रत्येक एडीत खर्चाचा तक्ताही असतो: किती विमानं, किती तासांचं काम, तासाला ८५ डॉलर मजुरी, भागाची किंमत इतकी. मला हा तक्ता आवडतो. निदान कागदावर कुणीतरी कबूल करतं की सुरक्षेला किंमत असते. दुसऱ्या पारड्यातला आकडा मात्र त्या तक्त्यात नसतो.

आता १९७२. मॅकडोनेल डग्लसचं डीसी-१० नवंकोरं होतं. त्याच्या सामानकक्षाचं दार बाहेर उघडायचं, म्हणजे आतली जागा वाचायची. आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर आणि बाहेरून फिरवून बसवायच्या झाकणाचा कुकर यांतला फरक आपल्या स्वयंपाकघरांना ठाऊक आहे: पहिल्यात वाफ झाकणाला आणखी घट्ट दाबते, दुसऱ्यात सगळा भरवसा कडेच्या खाचांवर. डीसी-१०चं दार दुसऱ्या जातीचं. खाचा नीट बसल्या नसतील तर बाहेरची मूठ खाली येऊच नये, अशी रचना होती. पण आतला जोडदांडा इतका लवचीक होता की जोर लावला तर मूठ बसायची, खाचा मात्र अर्ध्याच.

१२ जून १९७२ला अमेरिकन एअरलाइन्सचं असं एक विमान डेट्रॉइटहून उडालं आणि कॅनडातल्या विंडसर गावावर असताना त्याचं दार निखळून पडलं. खालच्या कक्षातला दाब क्षणात गेला, वरच्या केबिनमधला तसाच राहिला आणि मधली फरशी खचली. शेपटीकडे जाणाऱ्या नियंत्रणाच्या तारा त्याच फरशीखालून जातात. विमानात ६७ माणसं होती. ती सगळी वाचली, कारण विमान बरंचसं रिकामं होतं आणि कॅप्टन ब्राइस मॅककॉर्मिकने सिम्युलेटरमध्ये केवळ इंजिनांच्या जोरावर विमान सांभाळायचा सराव स्वतःच्या हौसेने केला होता.

एफएएच्या लॉस एंजेलिस कार्यालयाने एडीचा मसुदा तयार केला. तो निघाला नाही. एफएएचे प्रमुख जॉन शॅफर आणि डग्लस विभागाचे अध्यक्ष जॅक्सन मॅकगोवेन यांचं फोनवर बोलणं झालं. आदेश काढला तर नव्या विमानाची बदनामी होईल, कंपनी बुलेटिनमधून दुरुस्ती करून घेईल, असा शब्द दिला-घेतला गेला. पुढे याला ‘सज्जनांचा करार’ हे नाव पडलं. लॉस एंजेलिस कार्यालयाच्या प्रमुखाने हे पटलं नाही म्हणून घडला प्रकार टिपण करून फाइलला लावून ठेवला. सरकारी कचेरीत वरच्या साहेबाला विरोध करता येत नसेल तेव्हा नेकीच्या माणसाकडे हे एकच हत्यार उरतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही कारकुनाला समजेल. त्याच जूनच्या अखेरीस दाराचं काम करणाऱ्या कॉन्व्हेअर कंपनीतल्या डॅन अ‍ॅपलगेट या इंजिनिअरने वरिष्ठांना लेखी कळवलं की ही दारं पुढेही उघडतील आणि तसं झालं तर विमान जाईल अशी आपली अपेक्षा आहे. ते पत्र कॉन्व्हेअरच्या बाहेर गेलं नाही. दुरुस्तीचा खर्च कोणाच्या खात्यावर पडेल, ही चिंता मोठी ठरली.

पुढे तुर्की एअरलाइन्सला दिलेलं एक डीसी-१० त्या वेळी लाँग बीचच्या कारखान्यातच उभं होतं. दाराच्या यंत्रणेत एक आधारपट्टी बसवायची होती. कारखान्याच्या नोंदीत काम झाल्याचे निरीक्षकांचे शिक्के आहेत. पट्टी बसवलेलीच नव्हती. ३ मार्च १९७४ला पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावर सामान चढवणाऱ्या कामगाराने दार लावलं, मूठ खाली केली. खाचा बसल्या की नाही हे पाहायला बुलेटिनप्रमाणे एक छोटी काचेची खिडकी केली होती. तिच्याशेजारची सूचना इंग्रजी आणि तुर्की भाषेत होती. त्याला दोन्ही वाचता येत नव्हत्या, आणि मूठ बसली की दार लागलं असंच त्याला शिकवलेलं होतं. ब्रिटिश विमान कंपनीत संप चालू असल्याने लंडनला जाणारे प्रवासी या विमानात भरले होते. उड्डाणानंतर काही मिनिटांत एर्मेनोंव्हिलच्या जंगलात ते कोसळलं. ३४६ माणसं गेली.

एडी त्यानंतर निघाली. दाराचं कुलूप मुळातून बदललं गेलं, आणि पुढे मोठ्या विमानांच्या फरशीत दाब मोकळा व्हायची सोय करणंही बंधनकारक झालं. विंडसर आणि एर्मेनोंव्हिल यांत सुमारे एकवीस महिने होते. काय करायला हवं हे पहिल्याच महिन्यात माहीत होतं.

इथे आदेशच नव्हता म्हणून घात झाला, असं म्हणता येईल. दुसऱ्या प्रकरणात आदेश होता, सही-शिक्क्यानिशी होता, आणि मला ते प्रकरण जास्त अस्वस्थ करतं.

मार्च १९८७मध्ये लंडनहून न्यूयॉर्कला निघालेल्या पॅन अ‍ॅमच्या बोइंग ७४७मध्ये दाब धरेना. विमान परतलं, तेव्हा सामानकक्षाचं दार खालून दीड इंच उघडं होतं. हेही बाहेर उघडणारं दार. कड्या उलट्या फिरू नयेत म्हणून लावलेले अडसर अ‍ॅल्युमिनियमचे होते, आणि कड्या फिरवणारी विजेची मोटर त्यांना वाकवून पुढे जाऊ शकत होती. उपाय सरळ: अडसर पोलादी करा. एफएएने जुलै १९८८मध्ये एडी काढली. कंपन्यांना मुदत मिळाली दीड ते दोन वर्षांची. कारणही समजण्यासारखं. पॅन अ‍ॅमच्या वेळी विमानतळावरच्या माणसांनी दार चुकीचं हाताळलं असावं असा समज होता, आणि माणसाची चूक असली की यंत्राला घाई नसते.

२४ फेब्रुवारी १९८९च्या पहाटे युनायटेडचं ८११ क्रमांकाचं विमान होनोलुलूहून ऑकलंडकडे निघालं. बावीस हजार फुटांच्या वर दार उघडलं आणि जाताना बाजूची भिंत घेऊन गेलं. नऊ प्रवासी खुर्च्यांसकट बाहेर फेकले गेले. उजवीकडची दोन्ही इंजिनं बंद करावी लागली. निवृत्तीला आलेल्या कॅप्टन डेव्हिड क्रोनिनने विमान परत आणून उतरवलं, म्हणून बाकीचे साडेतीनशेच्या आसपास लोक जगले. या विमानाच्या दारात पोलादी अडसर अजून बसायचे होते. काम एप्रिल १९८९मध्ये करायचं ठरलं होतं. युनायटेडने एकही नियम मोडला नव्हता, मुदत संपायला बराच अवकाश होता.

अपघातानंतर एफएएने मुदत किती केली? ३० दिवस. अडसर तेच, पोलाद तेच, हँगर आणि मेकॅनिकही तेच. जे काम दोन वर्षांत कसंबसं होईल असं आधी वाटत होतं ते महिन्याभरात करता आलं, कारण आता नऊ माणसं गेलेली होती.

पुढची गोष्ट मृतांपैकी एका न्यूझीलंडच्या तरुणाच्या आईवडिलांची आहे. अमेरिकेच्या तपास मंडळाने, एनटीएसबीने, पहिल्या अहवालात पुन्हा जमिनीवरच्या हाताळणीकडे बोट दाखवलं. या दांपत्याने कागदपत्रं मिळवली आणि मोटरला आपोआप वीज मिळत असावी असा स्वतंत्र तर्क मांडला. १९९०मध्ये प्रशांत महासागराच्या तळातून, चौदा हजार फुटांखालून, दाराचे तुकडे वर आणले गेले. जून १९९१मध्ये न्यूयॉर्कला उभ्या असलेल्या युनायटेडच्या दुसऱ्या ७४७चं दार आपोआप उघडलं. मार्च १९९२मध्ये एनटीएसबीने नवा अहवाल देऊन मान्य केलं की दोष स्विच किंवा वायरिंगचा होता, आणि वेळेत उपाय न करण्याबद्दल बोइंग व एफएएवर ठपका ठेवला. मुदत ठरवतानाचं गृहीतकच चुकलेलं होतं.

मग मुदत ठरते कशी? एफएएकडे त्यासाठी गणिताची पद्धत आहे: बिघाड किती वेळा होईल, झाला तर किती जीव जातील, किती विमानं, किती वर्षं. बोइंग ७३७ मॅक्सच्या वेळी हे गणित जगाने पाहिलं. २९ ऑक्टोबर २०१८ला इंडोनेशियात लायन एअरचं विमान पडलं, १८९ मृत्यू. त्यानंतर एफएएनेच अंदाज काढला की काहीही बदल केला नाही तर या ताफ्याच्या पूर्ण आयुष्यात आणखी पंधरा प्राणघातक अपघात होऊ शकतात. तरीही ७ नोव्हेंबरच्या तातडीच्या एडीत यंत्रातला एकही भाग किंवा सॉफ्टवेअरची एकही ओळ बदलायला सांगितलं नव्हतं. वैमानिकांच्या पुस्तिकेत मजकूर घालायचा होता, बाकी दुरुस्ती बोइंग सवडीने आणणार होती. १० मार्च २०१९ला इथिओपियन एअरलाइन्सचं विमान पडलं, १५७ मृत्यू. गणित चुकलं असं म्हणवत नाही. पंधरा हा आकडा पाहून सवड देणाऱ्यांचा निवाडा चुकला.

मसुद्याचा काळ हीसुद्धा एक मुदतच. साउथवेस्टच्या एका ७३७च्या इंजिनातलं पंख्याचं पातं ऑगस्ट २०१६मध्ये तुटलं. पात्यांची तपासणी सक्तीची करण्याचा मसुदा एफएएने ऑगस्ट २०१७मध्ये काढला. हरकती येत राहिल्या, काही कंपन्यांनी वेळ वाढवून मागितला. १७ एप्रिल २०१८ला साउथवेस्टच्याच दुसऱ्या विमानात तसंच पातं तुटलं आणि खिडकी फुटून एका प्रवासी स्त्रीचा जीव गेला. तिसऱ्या दिवशी तातडीची एडी निघाली: सर्वांत जुन्या पात्यांची तपासणी वीस दिवसांत.

आपल्याकडे डीजीसीएबद्दल तिरकस बोलायची पद्धत आहे, आणि तिला कारणंही आहेत. पण मार्च २०१८मध्ये तिने जे केलं ते नोंदवायला हवं. ए-३२० निओच्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनांच्या एका विशिष्ट मालिकेत एक सील सदोष निघालं होतं. ईआसाचा आदेश असा की दोन्ही इंजिनं त्या मालिकेतली असतील तर विमान उडवू नका, एकच असेल तर काही निर्बंध पाळून उडवा. १२ मार्चला अहमदाबादहून लखनौला निघालेलं इंडिगोचं विमान इंजिन बंद पडून परतलं आणि त्याच दिवशी डीजीसीएने एक इंजिन सदोष असलेली विमानंही जमिनीवर बसवली. इंडिगोची आठ आणि मुंबईस्थित गोएअरची तीन. दुसऱ्या दिवशी साठहून अधिक उड्डाणं रद्द झाली. युरोपने दिलेली सवड आपल्या नियामकाने नाकारली होती.

दीड वर्षाने त्याच नियामकाची दुसरी बाजू दिसली. ऑक्टोबर २०१९च्या अखेरीस आठवड्याभरात इंडिगोच्या निओ विमानांची इंजिनं हवेत बंद पडण्याच्या चार घटना घडल्या. या वेळी दोष लो-प्रेशर टर्बाइनच्या पात्यांत होता. १ नोव्हेंबरला डीजीसीएने फर्मान काढलं: इंडिगोच्या ९७ निओ विमानांची जुनी इंजिनं ३१ जानेवारी २०२०पर्यंत बदला, नाहीतर विमानं उभी राहतील. जानेवारी उजाडला आणि मुदत ३१ मेपर्यंत गेली. मे आला, कोविडची टाळेबंदी होती, मुदत ३१ ऑगस्टपर्यंत गेली. इंजिनं बाजारात मिळत नव्हती हे खरं. टाळेबंदीत विमानं उडतच नव्हती हेही खरं. पण मग मूळ तारीख कशाच्या आधारे ठरली होती, आणि जानेवारीत चार महिने वाढवताना धोक्याचं कोणतं गणित बदललं होतं? धोका तेवढाच असेल तर मुदत कमी तरी होती किंवा जास्त तरी झाली.

सुट्या भागांचा तुटवडा हे मुदतवाढीचं नेहमीचं आणि बऱ्याचदा प्रामाणिक कारण असतं. त्याच प्रॅटच्या इंजिनांत पुढे २०२३मध्ये धातूच्या भुकटीतली भेसळ निघाली आणि जगभर शेकडो इंजिनं वेळेआधी उतरवावी लागली. गोएअर, तोवर नाव बदलून गो फर्स्ट, मे २०२३मध्ये दिवाळखोरीत गेली ती याच निर्मात्याकडून इंजिनं न मिळाल्याचं कारण देत. तुटवड्याच्या पोटी दुसरा रोग वाढतो. काढलेला, बाद ठरवलेला भाग नीट तोडूनमोडून टाकला नाही तर नवा दाखला चिकटवून तो परत बाजारात येतो. १९८९मध्ये नॉर्वेच्या पार्टनेअर कंपनीचं विमान डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळ ५५ जणांसह कोसळलं, शेपटीतले काही बोल्ट बनावट निघाले. २०२३मध्ये लंडनच्या एओजी टेक्निक्सने खोट्या दाखल्यांनी विकलेले भाग शंभराहून अधिक इंजिनांत सापडले. मुदत फार कमी ठेवली तर असल्या दुकानांची चांदी होते, हा कंपन्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आणि एक दार असं आहे की जिथे मुदतीचा प्रश्नच येत नाही, कारण आदेश नसतो, सल्ला असतो. डिसेंबर २०१८मध्ये एफएएने एक माहितीपत्रक काढलं: बोइंगच्या काही विमानांत इंधन बंद-चालू करणाऱ्या स्विचचं कुलूप निसटलेलं आढळलं आहे, तपासून पाहा. धोका एडी काढण्याइतका नाही, असं त्यातच म्हटलं होतं. १२ जून २०२५ला अहमदाबादेत एअर इंडियाचं १७१ क्रमांकाचं बोइंग विमान कोसळलं. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ जण गेले. महिन्याभराने आलेल्या प्राथमिक अहवालात दोन वाक्यं जवळजवळ आहेत: विमानावरच्या सर्व एडी पूर्ण होत्या, आणि २०१८चं पत्रक सक्तीचं नसल्याने एअर इंडियाने ती तपासणी केली नव्हती. कुलपामुळे अपघात झाला असं प्राथमिक अहवाल म्हणत नाही. डीजीसीएने १४ जुलैला तपासणीचा आदेश देऊन २१ जुलैची मुदत घातली, एअर इंडियाने संबंधित सगळी विमानं तपासली आणि कुलपांत दोष आढळला नसल्याचं जाहीर केलं. तेव्हा या स्विचवर खापर फोडण्याचा उद्योग मी करणार नाही. पण जी तपासणी एका आठवड्यात उरकता आली, तिची सक्ती करायला साडेसहा वर्षं कुणाचीच हरकत नव्हती, कारण कुणी सक्ती केलीच नव्हती.

गेटवर बोर्डिंग पास दाखवताना आपल्या विमानावर कोणत्या एडी अजून मुदतीत आहेत हे प्रवाशाला कळत नाही, आणि कळून त्याने फार काही करावं असंही नाही. ते कळायला आणि ठरवायला त्याने डीजीसीए नेमलेली आहे. १ जानेवारी २०२५पासून १९३४चा जुना कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे, तेव्हा नवी शिस्त लावायला हा काळ बरा. माझी मागणी छोटी आहे: डीजीसीए जेव्हा एखाद्या सदोष भागाला मुदत देईल, आणि विशेषतः जेव्हा ती वाढवेल, तेव्हा वाढीचं कारण, धोक्याचं गणित आणि निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आदेशासोबतच संकेतस्थळावर टाकावं. २०२०च्या दोन्ही मुदतवाढींपासून सुरुवात केली तरी चालेल.